रायफल क्लबात वापरायला मिळंल, छर्रे चांगले घे

नेम शिकायला काडतुसं घरी भरू का विचारलंस; ते खूळ आधी डोक्यातून काढ, भावड्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. नेमच शिकायचा ना? मग दहा मीटर एअर रायफल धर, म्हणजे हवेच्या दाबानं छर्रा मारणारी बंदूक, दहा मीटरवरच्या निशाण्यासाठी.

पहिले सहा महिने क्लबची रायफल वापर. मी लातुरात उत्साहात आधी रायफलीवर लावायची दुर्बीण घेतली. दहा मीटरच्या सामन्यात ती चालतच नाही, आता कपाटात धूळ खाते.

पैसा छर्र्यांवर घाल. ४.५ मिलिमीटरचे, चपट्या तोंडाचे. डबी उघडली की एकेक छर्रा चिमटीत फिरवून बघ, मागचा घेर दबलेला असला तर सरळ बाजूला काढ. निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिथं वाकडा छर्रा माफ होत नाही. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याबिगर भाकरीला लावू नको.

स्प्रिंगची जुनी रायफल मिळाली तर छर्रा न घालता घोडा दाबू नको, पिस्टन जातो. नळीत तेलही ओतू नको. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमधी ती ठेवायची नाही, एवढं बघ.

नेमबाजीचं जाकीट? पुढच्या वर्षी. तेही जुनंच शोधू.