बर्मिंगहॅमजवळ नॅरोबोटीवर राहायचंय, कायमची जागा कशी शोधावी?

तुमची नोकरी बर्मिंगहॅममध्ये आहे, ५७ फुटी नॅरोबोट (इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, अरुंद बोट) पसंत पडली आहे आणि वर्षभर तिच्यावरच राहायचं आहे. मग बोटीचे पैसे देण्याआधी ती बांधून ठेवायची जागा, म्हणजे मुरिंग, पक्की करा. बोटी विकायला भरपूर असतात, पण कायदेशीरपणे राहता येईल अशी जागा सहज मिळत नाही.

जागा न घेता फिरत राहायचं लायसन्सही मिळतं. पण १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी १४ दिवसांहून जास्त थांबता येत नाही आणि प्रवास खराखुरा असावा लागतो. त्याच दोन पुलांमध्ये ये-जा करून भागत नाही. रोज ऑफिस गाठायचं असेल, तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

मुरिंग बघताना पहिला प्रश्न विचारा: हे रेसिडेन्शियल (राहण्यासाठी) आहे की लेझर (leisure, फक्त हौसेच्या बोटीसाठी)? लेझर मुरिंगवर बोट ठेवता येते, घर करता येत नाही. 'इथे सगळे राहतातच, कोणी काही बोलत नाही' असं सांगणारे भेटतील. त्यावर विसंबू नका. परवानगी लेखी घ्या, कौन्सिल टॅक्स (तिथली घरपट्टी) कोणी भरायचा तेही विचारा. भाड्याच्या घराला कायद्याचं जे संरक्षण असतं ते बोटीच्या जागेला सहसा नसतं, म्हणून करारात नोटिशीची मुदत किती आहे ते नीट वाचा.

आता जागेबद्दल. बर्मिंगहॅम उंचावर वसलंय, त्यामुळे बहुतेक दिशांनी शहरात शिरताना लॉक (बोट वरच्या पातळीवर नेणारे, दारं असलेले पाण्याचे टप्पे) चढावे लागतात. वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिगची ३० लॉक आहेत, त्यात अर्धा दिवस जातो. पण त्या लॉकच्या माथ्यापासून थेट शहरातल्या गॅस स्ट्रीट बेसिनपर्यंत पाणी एकाच पातळीवर आहे. अल्व्हचर्च, हॉपवुड, किंग्ज नॉर्टन, बोर्नव्हिल, सगळं याच पट्ट्यात येतं. शिवाय अल्व्हचर्च आणि बोर्नव्हिलहून शहरात लोकल जाते. तुमच्यासाठी मी शोध इथूनच सुरू करेन. मरीनांना (बोटी ठेवायच्या तळांना) फोन करून प्रतीक्षायादीत नाव घाला, आणि कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या रिकाम्या जागांवरही लक्ष ठेवा.

जागा बघायला मात्र हिवाळ्यात, अंधार पडल्यावर जा. उन्हाळ्यात प्रत्येक मुरिंग सुंदरच दिसतं! कोळशाची पोती गाडीतून किती अंतर वाहून आणावी लागतील? नळ आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा किती लांब आहे? विजेचं कनेक्शन नसेल तर डोक्यावर झाडं नकोत, सोलर पॅनेल निरुपयोगी होतात. टोपाथच्या (कालव्याकाठच्या पायवाटेच्या) पलीकडच्या काठावरची जागा मिळाली तर उत्तम, तिथे रहदारी नसल्याने जास्त सुरक्षित वाटतं. आजूबाजूच्या बोटवाल्यांशी चहा घेत बोला, मरीनाच्या ऑफिसात न कळणारं बरंच तिथे कळतं.

'मुरिंगसह विक्री' अशी जाहिरात असेल, तर मुरिंग खरंच तुमच्या नावावर होणार का, हे विकणाऱ्याला नव्हे, जागेच्या मालकाला विचारा. बरेचदा जागा बोटीबरोबर येत नाही.