स्लो स्क्रूला हात लावायच्या आधी

प्रश्न : माझी १५० सीसी बीएस-६ गाडी, २०२१ची. इंजिन तापलं की सिग्नलला बंद पडायची. जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी थ्रॉटल बॉडीवरचा स्क्रू फिरवून स्लो (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वाढवून दिला. आता बंद पडत नाही, पण स्लोच दोन हजार आरपीएमच्या वर चाललाय, रेस सोडली तरी गाडी पुढे ओढत राहते आणि मायलेजही कमी झालंय. काय करू? — एक वाचक, कोल्हापूर

दादा, पहिलं काम म्हणजे तो स्क्रू परत जागेवर आणायचा. कार्बोरेटरच्या गाडीत स्लो स्क्रू हा रोजच्या कामाचा स्क्रू होता, थंडीत थोडा वाढवा, उन्हाळ्यात कमी करा, आपले सगळे मेस्त्री त्यावरच शिकलेत आणि त्यात वावगं काही नाही. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि जवळपास सगळ्या मोटरसायकली इंजेक्शनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारण्यावर आल्या, तिथे तसाच दिसणारा स्क्रू असला तरी त्याचं काम वेगळं आहे. थ्रॉटल बॉडीतली, म्हणजे इंजिनला हवा देणाऱ्या वाटेतली, पाकळी पूर्ण बंद झाल्यावर कुठे टेकायची, तेवढंच तो ठरवतो. कंपनीतून तो सेट करून वर रंगाचा ठिपका मारलेला असतो, तो ठिपका म्हणजे इथे हात लावू नका असंच सांगणं आहे.

मग स्लो कोण सांभाळतं? बऱ्याच गाड्यांत पाकळीच्या बाजूने हवेची एक बारीक वाट असते आणि तिच्यावर छोटा मोटरचा व्हॉल्व्ह. इंजिन थंड असलं की इसीयू, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, तो जास्त उघडतो, तापलं की मिटवत आणतो. पण त्यासाठी रायडरने रेस पूर्ण सोडलीये हे इसीयूला कळायला हवं, आणि ते त्याला सांगतो टीपीएस, म्हणजे पाकळीच्या दांड्यावर बसवलेला सेन्सर. रेस बंद असताना त्याच्याकडून येणारा व्होल्टेज हा इसीयूचा शून्य. तुमच्या गाडीत स्क्रूने पाकळी कायमची किंचित उघडी राहिली, त्यामुळे रेस चालूच आहे असं इसीयू धरून चाललाय. तो स्लो सांभाळायला येतच नाही, आणि उतारावर रेस सोडल्यावर पेट्रोल तोडतो ना, तेही तोडत नाही. गाडी ओढते ती त्यामुळे आणि मायलेज गेलं त्यातही याचा हात आहे.

जुन्या रंगाची रेघ दिसत असेल तर स्क्रू त्या रेघेवर आणा. दिसत नसेल तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून घ्या, लाइव्ह डेटात रेस सोडल्यावर थ्रॉटल शून्य टक्के दिसलं पाहिजे, मग त्यांच्याकडून आयडल लर्निंग, म्हणजे इसीयूला स्लो नव्याने शिकवणं, करून घ्या.

आता मूळ दुखणं, तापल्यावर बंद पडणं, ते तर तसंच आहे, स्क्रूने फक्त झाकलं गेलं. मी आधी थ्रॉटल बॉडी उघडून बघेन. पाकळीच्या कडेने काळी रिंग जमलेली असते, कार्बन आणि ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) नळीतून आलेल्या ऑइलची, त्या रिंगेनं हवेची फट बुजते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही हवा पुरत नाही. क्लीनर कापडावर घेऊन पुसा, थेट फवारू नका, सेन्सरच्या आणि ओ-रिंगच्या बाजूला गेला तर नवीन काम निघतं. साफ केल्यावर स्लो थोडा वेळ चढलेला वाटेल, घाबरू नका, इसीयू घाणीच्या हिशोबाने शिकलेला असतो, परत लर्निंग झालं की उतरतो. त्यानंतर टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, तपासा, इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी, गॅप मॅन्युअलप्रमाणे. टॅपेट टाइट असतील तर नेमकं तापल्यावरच इंजिनचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गाडी स्लोला मरते, हे मी खूपदा बघतो आणि लोक मात्र सेन्सर बदलत बसतात. इनटेकचं रबर तडकलंय का, एअर फिल्टर चोंदलाय का, बॅटरी अशक्त आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

प्रश्न : माझ्याकडे मल्टीमीटर आहे. टीपीएस घरी तपासता येतो का? आणि तो सेट करता येतो का? गाडी जुनी इंजेक्शनची आहे, ४०-५०च्या स्पीडला एकसारखी रेस धरली की झटके देते. — एक वाचक, डोंबिवली

तपासता नक्की येतो आणि तुमच्या लक्षणावरून तपासायलाच हवा. बहुतेक जुन्या टीपीएसला तीन वायरी असतात : एक ५ व्होल्टची, एक अर्थ, एक सिग्नल. चावी ऑन, इंजिन बंद, मीटर डीसी २० वर. कनेक्टर काढायचा नाही, त्याच्या पाठीमागून वायरीच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवायची आणि तिला मीटर लावायचा. वायरीचं कव्हर टोचू नका, पावसाळ्यात तिथून पाणी शिरतं आणि आतली तार हिरवी होऊन सहा महिन्यांनी तुटते, मग फॉल्ट शोधता शोधता जीव जातो.

आधी ५ व्होल्ट येतायत का बघा, तेच नसतील तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. मग सिग्नल. रेस बंद असताना साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर ४ च्या वर, नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलात असतो, तोच धरा. खरी परीक्षा मधल्या भागाची. मूठ अगदी हळू फिरवा, आकडा चढत गेला पाहिजे, कुठेही खाली पडायला नको. या सेन्सरमध्ये कार्बनच्या पट्टीवर एक काटा घासत फिरतो, आणि आपण रोज जितकी रेस धरून चालवतो नेमकी तिथलीच पट्टी झिजते. म्हणून पाव रेसला झटके आणि फुल रेसला गाडी मस्त. डिजिटल मीटर सावकाश चालतो, बारीक पडझड त्यात निसटते, जुना काट्याचा मीटर मिळाला तर काटा उडालेला लगेच दिसतो. आकडा पडत असेल तर सेन्सर बदलायचा, सेट करून उपयोग नाही.

सेटिंगचं म्हणाल तर आधी त्याच्या स्क्रूची भोकं बघा. लांबट असतील तर तो फिरवून सेट करायचा सेन्सर आहे. गोल असतील तर विषय संपला, तिथे शून्य इसीयू स्वतः शिकतो किंवा स्कॅनरनं शिकवावा लागतो. लांबट भोकं असली तर ढिला करण्याआधी टोकदार सुईनं सेन्सर आणि बॉडीवर आरपार एक रेघ मारा, काही बिघडलं तर परत यायला जागा राहते. मग स्क्रू अर्धवट सैल करून सेन्सर केसभर फिरवत बंद रेसचा व्होल्टेज मॅन्युअलच्या आकड्यावर आणा आणि घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण घट्ट करतानाच तो हलतो. हे सगळं करण्याआधी रेस केबलला थोडा फ्री प्ले (ढिलेपणा) आहे ना बघा, केबल ताणलेली असेल तर पाकळी बंदच होत नाही आणि तुम्ही चुकीच्या शून्यावर सेन्सर सेट कराल.

प्रश्न : बॅटरीची वायर १० मिनिटं काढून ठेवली की टीपीएस रिसेट होतो असं सगळे सांगतात, खरं का? — एक वाचक, नांदेड

सगळ्या गाड्यांत नाही. बऱ्याच इसीयूमध्ये शिकलेली माहिती वीज गेली तरी टिकते. आणि रिसेट झाला तरी झिजलेला सेन्सर त्यानं नवा होत नाही. स्कॅनरवर पी०१२२ हा फॉल्टचा कोड दिसला तर टीपीएसचा सिग्नल खूप कमी, पी०१२३ तर खूप जास्त, दोन्हीत आधी कनेक्टर उघडून पिना काळ्या-हिरव्या झाल्यात का तेवढं बघा, निम्मी कामं तिथेच होतात. आणखी एक, चावी ऑन करताना मूठ पिळून धरायची कार्बोरेटरची सवय सोडा, काही गाड्या त्याच क्षणी बंद रेसची नोंद घेतात.

प्रश्न : माझ्याकडे बाबांची जुनी कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे. स्लो आणि एअर स्क्रू स्वतः सेट करायला शिकायचंय. — एक वाचक, नाशिक

ताई, जरूर शिका, या गाडीवर हात बसायला फार छान वाव आहे. पाच-दहा किलोमीटर फिरवून इंजिन तापवा, चोक पूर्ण बंद. स्लो स्क्रूनं इंजिन स्थिर राहील एवढा स्लो ठेवा. मग मिश्रणाचा छोटा स्क्रू, तुम्ही म्हणता तो एअर स्क्रू, आधी हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा, टेकल्यावर पिळू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं, दबलं की कार्बोरेटरचं भोकही खराब होतं. परत मोजलेल्या जागी आणा आणि तिथून पाव-पाव आटा आतबाहेर करत आवाज ऐका, एका जागी इंजिन सगळ्यात वेगात आणि गुळगुळीत चालतं, तीच जागा. आता स्लो स्क्रूनं आरपीएम खाली आणा, या गाडीला १४०० च्या आसपास. मीटर नसेल तर झटक्यात रेस देऊन सोडा, न अडखळता खाली येऊन थांबली पाहिजे, बंद पडायला नको आणि वर लटकायलाही नको.

मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा कमीजास्त करतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ (पेट्रोल कमी). इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोल, बाहेर काढला की जाड (पेट्रोल जास्त). स्क्रू फिरवूनही आवाजात काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग, चोंदलाय, तो काढून हवेच्या प्रेशरने साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं. सेटिंग झाल्यावर जवळच्या पीयूसी सेंटरवर सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा बघून घ्या आणि कागद सांभाळून ठेवा, पुढच्या वेळी सेट करताना जुळवायला उपयोगी पडेल.