उंदराचं औषध आणि सासऱ्यांची गोळी

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात मिरजेतले एक निवृत्त औषधविक्रेते.

प्रश्न : माझे सासरे 66 वर्षांचे आहेत. लहानपणी सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. दोन वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली, तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात द्राक्षाचं औषध आणायला गेले, तर दुकानात कुणीतरी म्हणालं, "अण्णा, हे तर उंदराचं औषध." त्या दिवसापासून ते गोळी तोंडात टाकल्यासारखं करतात आणि देवळीत ठेवतात. झाडताना मला सहा गोळ्या सापडल्या. परवा आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारी तपासणी) 1.6 आला. नणंदबाई म्हणतात, हळदीचं दूध द्या, त्यानंही रक्त पातळ होतं. अण्णांना कसं समजावू? (एक सून, पलूस तालुका)

उत्तर : ताई, अंक हातात पडेपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं, इतरांसाठी पुन्हा लिहितो. धातूच्या मायट्रल झडपेला आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 लागतो. 1.6 म्हणजे झडपेवर गुठळी धरायला मोकळं रान, आणि ती सुटून मेंदूत गेली की लकवा. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. सापडलेल्या सहा गोळ्या एकदम देऊन भरपाई करायची नाही.

आता अण्णा. दुकानातला तो माणूस खोटं बोलला नाही, हे आधी कबूल करा. "छे, काहीतरीच!" म्हणालात तर पुढचं ते ऐकणार नाहीत. वॉरफरिन 1948 साली उंदरांसाठीच बाजारात आलं. पण गोष्ट त्याच्याही आधीची, आणि ती उंदरांची नाही, जनावरांच्या चाऱ्याची आहे. अण्णांना तिथून सांगा.

अमेरिकेत आणि कॅनडात 1920 च्या सुमारास गाई शिंगं कापली तरी रक्त वाहून मरायला लागल्या. त्या खात होत्या स्वीट क्लोव्हर, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या गोतातलाच चारा, पण भिजून बुरशी धरलेला. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात गाडी हाकत विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, बुरशीचा चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तिथले रसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या चाऱ्यामागे सहा वर्षं लागले, तेव्हा 1939 मध्ये त्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य, डायकुमारॉल, हाती आलं. त्याच घराण्यातलं वॉरफरिन. इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं (WARF) संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिनच्या संस्थेची आद्याक्षरं आहेत. 1951 मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका जवानानं जीव द्यायला हे उंदराचं औषध खाल्लं, आणि तो व्हिटॅमिन के देऊन वाचला. त्यावरून डॉक्टरांना धीर आला. 1954 पासून माणसांना द्यायला परवानगी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं. राष्ट्राध्यक्षांना चाललं, हे अण्णांना पटेल बहुतेक.

आणि एक सांगा : आज त्या दुकानात उंदरासाठी वॉरफरिन बहुधा मिळणारही नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या मिळतील. तो याच कुळातला, पण फार चिवट, यकृतात महिनोन्‌महिने ठाण मांडतो. वॉरफरिनचा निम्मा भाग साधारण दीड दिवसात अंगातून निघून जातो.

"रक्त पातळ होतं" हा शब्द आपण सगळेच वापरतो, मीही काउंटरवर वापरला. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला उशीर लागतो. यकृत गोठवणारी काही प्रथिनं बनवतं, त्यांना शेवटचा हात व्हिटॅमिन के फिरवतं. हात फिरवला की ते रिकामं होतं, गोटी सोड्याच्या बाटलीसारखं. बाटली परत भरून आणणारं एक एन्झाइम असतं, वॉरफरिन त्यालाच अडवतं. पण आधी भरून ठेवलेला माल रक्तात फिरतच असतो. त्यातला एक घटक सहा तासांत निम्मा होतो, दुसऱ्याला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज डोस बदलला तर त्याचा पुरता परिणाम आठवड्यानं दिसतो. अण्णांना म्हणावं, खत टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ऊस मोजता का?

हळद : भाजी-आमटीतली खुशाल घाला, सांगलीत राहून हळद सोडा कसं म्हणू! पण ती गोळीची जागा घेत नाही, आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल किंवा रोजचे काढे गोळीच्या जोडीला सुरू करू नका, रक्तस्राव वाढू शकतो. मेथी, पालक, शेपू बंद करायची गरज नाही. त्यात व्हिटॅमिन के असतं, म्हणून आठवड्याला साधारण सारखीच खावी. पंधरा दिवस बंद आणि मग हुरूप आला म्हणून रोज, हे नको.

खरा धोका भाजीपेक्षा दुसऱ्या औषधांचा. हे मी पुस्तकातून सांगत नाही. 1996 साली माझ्या आईच्या पायात गुठळी होती, वॉरफरिन चालू होतं. तिला जुलाब लागले. मी माझ्याच दुकानातून मेट्रोनिडॅझोलची पट्टी काढून दिली, डॉक्टरांना न विचारता. पाचव्या दिवशी सकाळी तिनं चूळ भरली ती लाल. आयएनआर 7 च्या वर. मेट्रोनिडॅझोल यकृतातलं जे एन्झाइम वॉरफरिनचा निचरा करतं त्यालाच दाबतं, हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो! आई व्हिटॅमिन के देऊन सावरली, पण नंतर कितीतरी दिवस माझ्या हातची क्रोसिनही घेईना. तेव्हा अंगदुखीच्या गोळ्या, अँटिबायोटिक, बुरशीचं औषध, काहीही घ्यायचं तर आधी "वॉरफरिन चालू आहे" म्हणून सांगा. दुकानदार वॉरफरिनऐवजी असेनोकुमारॉल देऊ लागला तर थांबवा. तो चुलत भाऊ आहे, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळत नाही.

ज्यांना सारखा आयएनआर तपासावा लागत नाही, अशा रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची तशी चाचणी घेतली होती, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून ती मधेच थांबवावी लागली.

प्रश्न : मी फार्मसीची विद्यार्थिनी आहे. आमच्या प्रयोगशाळेत वॉरफरिनची बाटली आहे, पण रक्ताचा प्रयोग कुणीच करत नाही. मग ती कशाला? (सांगली)

उत्तर : बहुधा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासाठी. वॉरफरिन रक्तात 99 टक्के अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं, तेही एका ठरावीक खाचेत, जिला सडलो साइट 1 म्हणतात. चिकटलं की त्याची चमक, म्हणजे फ्लुओरेसन्स, वाढते. नवं औषध घातल्यावर चमक उतरली, तर त्यानं वॉरफरिनला खाचेतून उठवलं असं धरतात. वॉरफरिनचं एस रूप (त्याच्या दोन आरसा-रूपांपैकी एक) यकृताच्या सीवायपी 2सी9 एन्झाइमची परीक्षा घ्यायलाही वापरतात. माझ्या आईच्या बाबतीत मेट्रोनिडॅझोलनं दाबलं ते हेच. संशोधक उंदरांना वॉरफरिन आणि व्हिटॅमिन के एकत्र देऊन त्यांच्या धमन्यांत मुद्दाम कॅल्शियम साठवतात, कारण कॅल्शियम अडवणाऱ्या एका प्रथिनालाही व्हिटॅमिन केचा हात लागतो.

उंदरांनी मात्र हिशेब चुकता केला. 1958 मध्येच स्कॉटलंडमध्ये वॉरफरिन पचवणारे उंदीर सापडले. ते का मरत नाहीत याचं उत्तर 2004 मध्ये व्हीकेओआरसी1 या जनुकात मिळालं. बाटली भरून आणणारं ते एन्झाइम हेच जनुक बनवतं, आणि एका माणसाला 2 मिलिग्रॅम पुरतं तर दुसऱ्याला 8 का लागतं, याचंही बरंचसं उत्तर तिथेच आहे.

भुकटी तोलताना हातमोजे घाला. कातडीतूनही ते अंगात जातं.