पहाडावरच्या बायबल कॉलेजातलं पहिलं वर्ष : नगरच्या भावाला उत्तर

तू लिहिलंस की जुलैत मसुरीकडच्या बायबल कॉलेजात जातोयस, घराबाहेर कधी राहिला नाहीस, हिंदी मोडकीतोडकी आहे, ग्रीकची धास्ती वाटते आणि आई म्हणते नाताळाच्या आत परत येशील. मी त्याच डोंगरात चार वर्षं काढली. माझी आईही हेच म्हणाली होती आणि ऑक्टोबरात तिचं जवळजवळ खरं झालं होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे.

थंडीची भीती सगळे घालतात, पण तुझी गाठ आधी पावसाशी आहे. नगरला वर्षभरात पडतो तेवढा तिथे एका महिन्यात पडून जातो. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चपला हिरव्या होतात, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. पायवाटेवर जळवा असतात, आणि कडेला कंडाली नावाचं झुडूप. त्याला हात लागला की तासभर झोंबतं. खिडकी उघडी टाकून चॅपेलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनेला, गेलास तर माकडं तुझा खाऊ संपवतील. माझी शेंगदाण्याची चटणी पहिल्याच आठवड्यात डबीसकट गेली. जाड कपडे मात्र इथून नेऊ नकोस. देहरादूनला परेड ग्राउंडजवळ तिबेटी बाजार आहे, तिथे जॅकेट घे. जानेवारीत नळ गोठतात, म्हणून रात्रीच बादली भरून ठेवायची.

हिंदीचं म्हणशील तर बाजारातली हिंदी महिन्याभरात येते. अडचण होते ती पवित्रशास्त्राच्या हिंदीची. तुझं मत्तय तिथे मत्ती, स्तोत्रसंहिता म्हणजे भजन संहिता, प्रकटीकरण म्हणजे प्रकाशितवाक्य, मंडळी म्हणजे कलीसिया. पहिल्या आठवड्यात ‘नीतिवचन निकालो’ म्हणाले आणि नीतिसूत्रे शोधायला मला इतका वेळ लागला की वाचून संपलं होतं. बायबलच्या सहासष्ट पुस्तकांची हिंदी नावं एका कागदावर लिहून आताच पाठ कर. भेटल्यावर ‘जय मसीह की’ म्हणायचं, एवढं आलं की अर्धं काम झालं. आणि लाज वाटली तर मसुरीला लागून असलेल्या लंढौरला केलॉग चर्चपर्यंत चालून ये. सॅम्युएल केलॉग हा अमेरिकन मिशनरी. त्याने १८७६ साली हिंदीचं व्याकरण लिहिलं आणि जुन्या कराराच्या हिंदी भाषांतरावर काम केलं. १८९९ मध्ये तिथेच सायकलवरून पडून वारला. त्याच्या नावाच्या चर्चमध्ये भाषाशाळा आहे, परदेशातून माणसं येऊन ‘मैं जाता हूँ’ घोकतात. त्यांच्यापेक्षा तू कितीतरी पुढे आहेस.

ग्रीकची भीती तर तू मुळीच धरू नकोस, आणि हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. नवा करार मुळात ज्या ग्रीकमध्ये आहे, तिच्यात तीन लिंगं आहेत. हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग म्हणजे काय हेच आधी समजून घ्यावं लागतं. तू ‘ते झाड’ म्हणत मोठा झालास. विभक्ती शाळेत घोकलेल्या आहेत. शिवाय एक गोष्ट आमच्या वर्गात फक्त मराठीमुळे निघाली. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात वादळ होतं, येशू नावेत झोपलेला असतो आणि शिष्य त्याला उठवून म्हणतात की बुडतोय. ग्रीकमध्ये एकच क्रियापद आहे. हिंदीत ‘हम’ म्हटलं की भागलं. मराठीत करताना मी अडलो : ‘आम्ही बुडतोय’ की ‘आपण बुडतोय’? येशू त्या बुडणाऱ्यांत धरायचा की नाही? सरांनी खडू खाली ठेवला आणि उरलेला तास त्यावरच गेला. १८११ साली बंगालातल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापणाऱ्या विल्यम केरी या मिशनरीपासून ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपर्यंत सगळ्यांना अशा जागी एक बाजू घ्यावीच लागली असणार. त्या तासापर्यंत वर्गात मी मागच्या बाकावरचा मुका मुलगा होतो.

मेसमध्ये टेबलं आपोआप वाटली जातात. मल्याळी एकीकडे, मिझो एकीकडे, झारखंड-ओडिशावाले तिसरीकडे. मराठी तू एकटाच असशील, तेव्हा कुठेही बस. मिझो मुलांच्या खोलीत रविवारी ‘बाई’ शिजते (हो, भाजीचंच नाव आहे, मीही हसलो होतो). त्यात आंबवलेल्या डुकराच्या चरबीचा वास असतो. नाक मुरडू नकोस, आपलं सुकट भाजताना त्यांनाही तसंच होतं. मडुव्याची रोटी म्हणजे आपली नाचणीची भाकरी, ती पहिल्यांदा ताटात आली तेव्हा माझे डोळे भरले. तुझ्याकडे चॅपेलमधल्या गाण्याची पाळी येईल तेव्हा घाईघाईत शिकलेली हिंदी कोरस म्हणू नकोस. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक बरोबर ने आणि ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हण. टिळकांनी नगरलाच काम केलं, तुला चाली घरूनच येत असतील. मिझो पोरं त्यांचा खुआंग, म्हणजे ढोल, घेऊन आपोआप ठेका धरतात.

आता तक्रार. दुसऱ्या सत्रात पंचग्रंथ, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, एकट्या मोशेने लिहिला का, यावर तास झाले आणि माझी झोप उडाली. रविवारशाळेत शिकलेलं सगळं हलायला लागलं. मी विश्वासाने वॉर्डनना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेत त्यांनी सगळ्यांसमोर, माझं नाव घेऊन, माझ्या डळमळत्या विश्वासासाठी प्रार्थना केली. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण पुढचा महिनाभर मी कुणाशी धड बोललो नाही. ऑक्टोबरात जेमतेम सावरलेला मी तेव्हा पुन्हा बॅग भरली होती. शेवटी भांडी घासण्याच्या ड्यूटीवर बरोबर असलेला शेवटच्या वर्षाचा एक नागा मुलगा म्हणाला, ‘मेरा भी हुआ था,’ आणि कढई घासत राहिला. मला तेवढं पुरलं. तुला शंका येतीलच. पण सांगायला माणूस बघून निवड, हुद्दा बघून नको.

एक कामाचं. उत्तराखंडात २०१८ पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, नाव तसं असलं तरी तो धर्मांतरावर बंधनं घालतो. फिरायला गेलास तर उत्साहात गावात पत्रकं वाटत बसू नकोस, कॉलेजने पाठवलं तिथेच आणि त्यांच्याबरोबर जा.

गोवा एक्स्प्रेस नगरला थांबते आणि दिल्लीत निजामुद्दीनला सोडते. तिथून काश्मिरी गेटला जाऊन देहरादूनची बस. मसुरीची बस देहरादून स्टेशनला लागूनच मिळते. पुढची सीट धर, वळणं पोट ढवळून काढतात. जाण्याआधी भरपेट पुरी-भाजी खाऊ नकोस, मी खाल्ली होती.