इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेन्टीचा संकेतांक : वाचकांचे प्रश्न

(इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेन्टी हा त्वचेवर फोड, वळ व रंगाचे पट्टे आणणारा जन्मजात आजार आहे. मराठीत ‘कोड’ म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, आणि आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणामध्ये त्यांचा क्रमांक एल८० असा वेगळाच आहे. घोटाळा नको म्हणून येथे इंग्रजी ‘कोड’ऐवजी ‘संकेतांक’ हाच शब्द वापरला आहे.)

प्रश्न : माझ्या दोन महिन्यांच्या मुलीच्या पायावर जन्मतः रांगेने फोड होते, आता तिथे चामखिळीसारखा खरखरीतपणा आला आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेन्टीचे निदान केले, पण डिस्चार्ज कार्डावर एल८१.९ आहे. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही. एल८१.९ म्हणजे त्वचेच्या रंगाचा, प्रकार न नोंदवलेला विकार. निदान पक्के असताना तो लिहिणे चूकच, शिवाय एल या अक्षराच्या, म्हणजे त्वचारोगांच्या प्रकरणातून जन्मजात विकृती मुळातच वगळलेल्या आहेत. या आजाराचा स्वतंत्र संकेतांक क्यू८२.३ आहे. एक्स गुणसूत्रावरील आयकेबीकेजी जनुकातील दोषामुळे तो होतो आणि म्हणूनच बहुतेक करून मुलींमध्ये दिसतो. फोड, खरखरीत वळ, तपकिरी भोवरे आणि शेवटी फिकट पट्टे अशी त्वचा बदलत गेली, तरी संकेतांक बदलत नाही. कार्ड जरूर दुरुस्त करून घ्या. मात्र त्यासाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एक दिवसही लांबवू नका, कारण तेथील रक्तवाहिन्यांचा दोष वेळीच सापडला तर दृष्टी वाचू शकते.

प्रश्न : मी रुग्णालयात नोंदी ठेवते. संगणकावर ‘इन्कॉन्टिनेन्शिया’ शोधताना सहकाऱ्याने आर३२ निवडला. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, आर३२ म्हणजे लघवीवर ताबा नसणे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘धरून ठेवता न येणे’ असा आहे. या आजारात बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींतले मेलॅनिन हे रंगद्रव्य निसटून खालच्या थरात उतरलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, त्यावरून हे नाव पडले. शोधताना नेहमी पूर्ण नाव टाइप करावे.

प्रश्न : रुग्णाला आकडीही येते आणि काही दात उगवलेलेच नाहीत. एकच संकेतांक पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही, कारण क्यू८२.३ वरून मेंदू, दात किंवा डोळे यांच्याविषयी काहीच कळत नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर अपस्मार लिहिला असेल तर जी४०, दात मुळातच तयार न झाल्याचे नोंदवले असेल तर के००.०, आणि दृष्टिपटल (डोळ्याचा पडदा) सुटले असेल तर एच३३ या गटातील योग्य संकेतांक जोडावा. लिहिलेले नसेल तर आपल्या अंदाजाने भरू नये, डॉक्टरांना विचारावे. हाच नियम आईलाही लागू आहे : तिच्या पोटरीवर फिकट पट्टे दिसले, तरी तिची स्वतंत्र तपासणी होऊन निदान लिहिले गेल्यावरच तिच्या केसपेपरवर क्यू८२.३ यावा.