प्रश्न घेऊनच ये

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आठवडाभर कॉलेजात उत्क्रांती शिकतेस आणि रविवारी उपासनेला बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं, असं लिहिलंयस. जीव कळवळला गं.

तुझ्याच वयात मी शास्त्रपाठात विचारलं होतं, देवानं सहा दिवसांत जग घडवलं त्यात सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ कशी झाली? शंका सैतान घालतो म्हणून मला खाली बसवलं. पुढे कित्येक वर्षं मी तोंड उघडलं नाही. ख्रिस्ती धर्मविचारक संत ऑगस्टीन सोळाशे वर्षांपूर्वी याच दिवसांपाशी अडखळला होता, हे तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. आकाश-पृथ्वीबद्दल आपण अडाणीपणानं बोललो, तर मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल आपलं कोण ऐकेल, असं त्यानं ख्रिस्ती लोकांनाच बजावलंय.

आणि आपल्या पंडिता रमाबाई! १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत त्यांनी निमूट मान्य केला नाही. तिथल्या मठातल्या ज्या सिस्टरबाईंनी आधार दिला, त्यांच्याशीच पत्रांतून वाद घातला. ख्रिस्त खऱ्या अर्थानं गवसायला पुढे आणखी आठेक वर्षं लागली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या वर्षांना मी अविश्वासाची वर्षं म्हणणार नाही.

पुढे केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचं होतं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्या छापखान्यात मुली छपाईचे खिळे जुळवायच्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते बोटांत धरून, ओळखून, ओळीत बसवायचं. जिथे बायकांना अक्षरओळखही दुर्मीळ होती, तिथे देवाचं वचन मुलींच्या बोटांतून असं एकेक अक्षर जुळत गेलं. बाई १९२२ मध्ये गेल्या, १९२४ मध्ये ग्रंथ छापून झाला. तो विचार मनात आला की अजून गळा दाटतो.

तेव्हा प्रॅक्टिकल बुडवू नकोस. पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय मोठ्यानं वाच. संध्याकाळ आणि सकाळ यांचं पालुपद नीट कानावर पडू दे, आणि ते गीतासारखं वाटतं की प्रयोगवहीसारखं, ते मला कळव. नाताळात येशील तेव्हा वही घेऊन ये. पाळकसाहेबांनाही चहाला बोलावतो.

तुझा,
सर