गरोदर राहण्याआधी कोणत्या लशी घ्याव्यात?

वय 28, येत्या काही महिन्यांत बाळाचा विचार, लहानपणीचं लसीचं कार्ड हरवलेलं. मग आता काय काय घ्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी त्या लशी बघा ज्या दिवस गेल्यावर देतच नाहीत. एक एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस), दुसरी कांजिण्यांची. दोन्हींत क्षीण केलेले जिवंत विषाणू असतात. बाकीच्यांची एवढी घाई नाही.

रुबेलाचं मात्र मनावर घ्याच. आपल्या लहानपणी सरकारी दवाखान्यात नवव्या महिन्याला टोचायचे ती नुसती गोवराची लस. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम आली नोव्हेंबर 2018 मध्ये, तीही 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. म्हणजे आपण बहुतेकजणी त्यातून सुटलो. खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली असेल तरच रुबेलापासून संरक्षण. एरवी रुबेला म्हणजे थोडा ताप आणि पुरळ, पण पहिल्या तीन महिन्यांत झाला तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष येऊ शकतात. त्यावर औषध नाही.

माझंही कार्ड नव्हतं. रुबेला आयजीजी (रक्तात रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणारी चाचणी) तपासली, निगेटिव्ह आली, एमएमआर घेतली आणि बाळासाठी महिनाभर थांबलो. ‘कशाला उगाच लांबवताय?’ हे घरात ऐकावं लागलंच. तपासणी न करता थेट लस घेतली तरी चालते. आधीच प्रतिकारशक्ती असली तर अपाय होत नाही. एवढ्यासाठी अख्खं टॉर्च पॅनेल (गर्भाला बाधू शकणाऱ्या अनेक संसर्गांच्या रक्तचाचण्यांचा संच) करायची गरज नाही.

कांजिण्या झाल्या होत्या का, ते आईला विचारा. नसतील तर 4 ते 8 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर पुन्हा एक महिना थांबायचं. पहिला डोस एमएमआरच्याच दिवशी घेता येतो. तो दिवस चुकला तर दोन्हींत 4 आठवडे सोडावे लागतात.

हेपेटायटिस बीचे तीन डोस सहा महिन्यांत होतात. मधेच दिवस राहिले तरी पुढचे घेता येतात. एचपीव्हीचे (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचाव करणाऱ्या लशीचे) उरलेले डोस मात्र बाळंतपणानंतर. फ्लूचं इंजेक्शन आणि डांग्या खोकल्यासाठीची टीडॅप गरोदरपणातच देतात, टीडॅप साधारण 27 ते 36 आठवड्यांत.

स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत लशीआधी डॉक्टरांना सांगा. आणि एमएमआर घेतल्यावर लगेच दिवस राहिल्याचं कळलं, तर तेवढ्यावरून गर्भपाताचा विचार करू नका. असं अनेकींच्या बाबतीत झालंय, आणि त्या लशीमुळे बाळात रुबेलाचे दोष आल्याचं आढळलेलं नाही.